गोळ्यांचा डबा, मोबाइलचा अलार्म की कॉम्बिनेशन गोळी?

शुगर, बीपी, थायरॉइड, वर कोलेस्टेरॉल, असं सगळं एकाच माणसाला असलं की खरा प्रश्न औषध कुठलं हा नसतोच, ते रोज वेळेवर पोटात जाईल कसं हा असतो. डब्ल्यूएचओच्या 2003 च्या रिपोर्टमध्ये होतं की श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजाराची औषधं नीट घेणारे साधारण निम्मेच, मग आपल्याकडे आई-बाबांनाच काय बोलायचं. तर तिन्ही पर्यायांबद्दल माझं मत सांगते, घरी ठाण्यात सासूबाईंसाठी तिन्ही वापरून झालेत.

डबा म्हणजे तो आठवड्याचा, सोमवार ते रविवार खण आणि प्रत्येक दिवसाचे सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे. माझं मत याच्याच बाजूने, कारण गोळी घेतली की नाही ते नुसतं बघून कळतं, "घेतली गं मघाशी" यावर विश्वास ठेवावा लागत नाही. पण भरणारं माणूस एकच हवं आणि भरताना समोर डॉक्टरची ताजी चिठ्ठी हवी, जुनी नाही. दुसरं म्हणजे आपल्याकडचा पावसाळा, जुलैत कपाटातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, तशाच काही गोळ्या स्ट्रिपमधून काढल्या की नरम पडतात, म्हणून मी स्ट्रिपच कात्रीने कापून फॉइलसकट खणात टाकते (एक्स्पायरीवाला तुकडा वेगळा ठेवायचा, नाहीतर नंतर तारीख शोधत बसा). आणि इन्सुलिन, इन्हेलर, वॉरफरिनसारखं (रक्त पातळ करणारं) डोस बदलत राहणारं औषध, यांचं डब्यात काही होत नाही, त्यांची वेगळी व्यवस्था लागतेच.

अलार्म किंवा अॅप. हे ज्याच्या हातात फोन सतत असतो त्याच्यासाठी ठीक आहे. म्हणजे घणसोली-ऐरोलीत आयटीत असलेला पंचेचाळिशीचा शुगरवाला, त्याला अलार्म पुरेसा. पण सत्तरीतल्या माणसाचा फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, आणि वाजला तरी "बंद करते आधी" करून बंद, गोळी राहिली ती राहिलीच. एकाच ठिकाणी अलार्म मला खरंच कामाचा वाटतो, थायरॉइडची गोळी, कारण ती उपाशीपोटी घेऊन चहा-नाश्त्याला अर्धा-एक तास थांबायचं असतं, आणि कॅल्शियम किंवा आयर्न असेल तर त्यात चार तासांचं अंतर. आपल्याकडे उठल्या उठल्या चहा, त्याच चहाबरोबर सगळ्या गोळ्या, हा गोंधळ घरोघरी आहे.

कॉम्बिनेशन गोळी, म्हणजे बीपीची टेल्मिसार्टन-अॅम्लोडिपिन किंवा शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन ही दोन-दोन औषधं एकाच गोळीत. गोळ्या कमी झाल्या की चुका आपोआप कमी, हे साधं आहे, डब्ल्यूएचओने 2023 मध्ये हृदयविकारासाठीच्या पॉलिपिलला (म्हणजे अनेक औषधं एकत्र असलेल्या गोळीला) अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं ते उगाच नाही. अडचण एवढीच की एकातलं प्रमाण बदलायचं तर अख्खी गोळी बदलावी लागते, आणि ग्लिमेपिराइडवाली घेऊन जेवण चुकलं तर शुगर एकदम खाली जाते, उपासवाल्यांनी हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवा. एसआर लिहिलेली (म्हणजे पोटात औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटून किंवा तोडून देऊ नका. राहिलेला डोस आठवला म्हणून पुढच्या वेळी डबल तर अजिबातच नको.

पण यातलं काहीही आणायच्या आधी एक काम करा, सगळ्या चिठ्ठ्या आणि सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरसमोर ओता. हार्टवाला वेगळा, किडनीवाला वेगळा, हाडवाला वेगळा, कुणाला कुणाचं माहीत नसतं, सासूबाईंच्या पिशवीत एकाच औषधाच्या दोन ब्रँडच्या स्ट्रिपा निघाल्या होत्या. यादी छोटी झाली तर डब्याचंही काम सोपं.

पैशांचं काय म्हणाल तर डबा एकदाच घ्यायचा, तोही फार महाग नसतो, खर्च गोळ्यांचाच. महिनाअखेरीला स्ट्रिप "पुरवून" वापरणारे खूप आहेत, एक दिवसाआड वगैरे, तिथे ना डबा उपयोगी ना अलार्म. त्यांनी जनऔषधी केंद्रात विचारावं, जेनेरिक बरंच स्वस्त पडतं, फक्त चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव आणि एमजी लिहून घ्या, सगळी कॉम्बिनेशन तिथे मिळतीलच असं नाही. आणि कंपनी बदलली की गोळीचा रंग-आकार बदलतो, तेव्हा घरच्यांना नवी गोळी हातात देऊन दाखवा आणि जुनी स्ट्रिप तिथल्या तिथे उचलून ठेवा, नाहीतर म्हातारी माणसं दोन्ही घेऊन मोकळी होतात.