शिवराई खरी, होन पितळेचा: मेटल डिटेक्टरवाल्यांपासून सांभाळा

आधीच सांगतो, मेटल डिटेक्टरने जुनी नाणी काढून विकणाऱ्या एकाकडून घेतलेली पहिली शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं, अस्सल होती. 800 रुपये. नाणी जमवणाऱ्या एका ओळखीच्या काकांना दाखवली, एका बाजूला श्री राजा शिव, दुसरीकडे छत्रपति, ते पण खरी म्हणाले, मग विश्वास ठेवायचा नाही तर काय करायचं? आता कळतंय, शिवराया पेशवाईतसुद्धा पाडत होते, इतक्या की आजही काही शे रुपयांत मिळतात. गळाला खरीच लावलेली परवडते यांना.

मग होन, म्हणजे शिवकाळातलं सोन्याचं नाणं. "दादा, रानात चला, तुमच्यासमोरच काढतो." जुन्नरकडचं रान, हेडफोन लावून मशीन फिरवतोय, थोडं चालला की टूंऽऽ, वीतभर खणलं आणि सोन्याचा होन! अहो कुठलंही रान घ्या, खिळे, तारा, बैलाच्या पत्र्या, क्वार्टरची बुचं, डिटेक्टर बोंबलून दमतो. याला पहिल्याच आवाजाला होन. आणि माती! रान काळंभोर आणि नाण्याच्या खाचेत लाल माती. मीच अंगठ्याने पुसली ती. दिसली होती हो, पण तो "लवकर करा, मालक येईल" म्हणून मागे लागलेला, अशा वेळी कोण मातीचा रंग बघत बसतं?

38,500 गेले. 20,000 यूपीआयने, 18,500 रोख. सराफाच्या काट्यावर 1.4 ग्रॅम. होन पावणेतीनच्या आसपास भरतो. ओतीव पितळ, वर मुलामा, कडेला साच्याची रेघ. वजन केल्याशिवाय एक रुपया देऊ नका आणि खणायची जागा तुम्ही दाखवा, त्याला दाखवू देऊ नका.

पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब मलाच कायदा शिकवतायत. 1878 चा कायदा म्हणे, जमिनीत 10 रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, तुम्ही तर विकत घेतलं, तुमच्यावरच केस होईल. अहो साहेब, पितळ आहे ते, मागच्या महिन्यात ओतलेलं असेल, त्याचं कसलं गुप्तधन? तर म्हणे मग सायबरला जा. सायबरवाले म्हणतात समोरासमोरचा व्यवहार आहे, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले, स्टेशनला जा. परत स्टेशन, तर साहेब बंदोबस्तावर. साधा अर्ज घेऊन पोच द्यायला यांना काय होतं? याच भीतीने लोक गप्प बसतात आणि त्या लोकांना ते पक्कं माहितीये. यूपीआयचा स्क्रीनशॉट, चॅट काही डिलीट करू नका.

नंबर बंद आहे त्याचा. पण परवा एका व्हॉट्सॅप ग्रुपवर तोच बांध, तेच मशीन, व्हिडिओ फिरतोय. भाव आता 45,000.