टाका उसवला: ड्रेसिंग करत राहायचं की पुन्हा टाके?

स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर भुसावळच्या माझ्या मावसबहिणीची जखम खालच्या बाजूला उघडली आहे. उलट्या टी आकाराच्या छेदात उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे ताण जास्त, रक्तपुरवठा कमी. म्हणून जखम बहुधा तिथेच उसवते. आता काय करू, असं ती विचारतेय.

वेळ पाहिला तर ड्रेसिंगने जखम तळापासून भरायला काही आठवडे लागतात. टाके झटपट वाटतात, पण जंतुसंसर्ग असताना घातले तर पू आत कोंडतो आणि ते पुन्हा सुटतात. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

खर्च: ड्रेसिंग गावातल्या दवाखान्यात होतं. मात्र मे महिन्यातल्या खानदेशी उन्हात घामाने पट्टी भिजते, ती वेळेवर बदलावी लागते. टाक्यांसाठी पुन्हा भूल, पुन्हा थिएटर, शिवाय सर्जन नाशिकला असेल तर प्रवास.

ड्रेसिंगने भरलेला व्रण रुंद राहू शकतो, पण तो नंतर दुरुस्त करता येतो.

मशेरी मात्र दोन्हीकडे बंदच हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. उघड्या जखमेत हळदही भरू नका, बायांनो.

जखम लहान आणि वरवरची असेल तर ड्रेसिंग. मोठी पण स्वच्छ असेल तर सर्जनला टाक्यांबद्दल विचारावं. ताप, पसरणारी लाली किंवा काळं पडणारं स्तनाग्र दिसलं, तर त्याच दिवशी सर्जन गाठावा.