बोट साडेचारला सुटते, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं

माझं माहेर गोव्यातल्या फोंड्याचं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून "बाहेरून आलेल्या माणसाला कोणीही गंडवतं" असं म्हणायची सोय राहणार नाही. आमच्या परड्यात काजूची चार झाडं होती. उन्हाळ्यात आई बिया भाजायची, सालातला डीक लागून आम्हा भावंडांच्या बोटांची कातडी निघायची. लग्न होऊन पुण्याला आले त्याला २६ वर्षं झाली, तरी काजूतलं मला कळतं असा समज होता. माझा आणि माझ्या मैत्रिणींचाही.

भिशीतल्या आम्ही सहा जणी मुंबईहून क्रूझने गोव्याला गेलो. बोट सकाळी मुरगाव बंदरात लागली. साडेतीनपर्यंत सगळ्यांनी परत यायचं आणि साडेचारला बोट सुटणार, असं आदल्या रात्रीच सांगितलं होतं. माझ्या पर्समध्ये एक लिफाफा होता. सहलीला न आलेल्यांनीसुद्धा त्यात पैसे घातले होते, "तू गोव्याची, तूच बघून घे" असं म्हणून. एकूण ७ किलो काजू आणायचे होते.

माझ्या डोक्यात पणजीचा '१८ जून' नावाचा बाजाराचा रस्ता होता. बंदराच्या गेटबाहेर टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं तर तो म्हणाला, "पणजी नको ताई, झुआरी पुलावर अडकाल, बोट चुकेल." मी लगेच मान डोलावली. त्या जुन्या पुलावर आम्ही तासन् तास बसमध्ये बसून काढलेत. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, दुसरी त्यानंतर वर्षभराने. माझ्या भावाने तेव्हा फोटोसुद्धा पाठवले होते. पण माझ्या डोक्यातला गोवा २६ वर्षांपूर्वीचा, त्यात कोंडी कायम. टॅक्सीवाल्याने आम्हाला वास्कोतल्या एका गल्लीत नेलं. "कारखान्याचं दुकान आहे, होलसेल भाव," म्हणाला. आम्ही आत गेलो आणि तो गल्ल्याशेजारी स्टुलावर जाऊन बसला. न मागता त्याच्या हातात चहा आला, ते मी पाहिलं. पाहूनही काही वाटलं नाही.

दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा. मी कोंकणी काढली आणि त्याचा चेहरा उजळला. "बाय, तूं आमचीच गो!" बस. तिथून पुढे मी भाव करणारी गिऱ्हाईक राहिलेच नाही, त्याची पाहुणी झाले. त्याने बशीत मोठे, पांढरेशुभ्र काजू ठेवले. "हे डब्ल्यू-१८०," म्हणाला. आम्ही खाल्ले. उत्तम होते, त्यात खोट काढणार नाही.

हा १८० काय प्रकार असतो ते इथेच सांगते, कारण पुढचा सगळा खेळ त्याच आकड्यावर आहे. अख्ख्या पांढऱ्या काजूची प्रत एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात त्यावरून ठरते. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. नेहमीच्या प्रतींत १८० सर्वांत टपोरा, मग २१०, २४०, ३२०. पाव किलोत १८०चे शंभरच्या आसपास काजू भरतात, ३२०चे पावणेदोनशे. पाकळी आणि तुकडा या सगळ्याहून स्वस्त.

भाव ठरला किलोला १,३०० रुपये. त्याने आमच्यासमोर काट्यावर अर्धा-अर्धा किलो मोजलं. मग म्हणाला, "प्रवासात सादळतील, आत मशीनवर व्हॅक्यूम पॅक करून देतो." पोरगा परात घेऊन पडद्यामागे गेला. आम्ही बाहेर शंखांच्या माळा बघत बसलो. (प्रवाळाचे तुकडेही होते तिथे. ते वन्यजीव कायद्याखाली येतात, घेऊ नका.) तेवढ्यात टॅक्सीवाल्याने दोनदा घड्याळ दाखवलं. दुकानदारही म्हणाला, "तुमची बोट साडेचारची ना?" मी त्याला वेळ सांगितली नव्हती.

आतून १४ पाकिटं आली, घट्ट आवळलेली, चांदीच्या रंगाची, मधोमध रुपयाएवढी पारदर्शक खिडकी. खिडकीतून टपोरे काजू दिसत होते. वर सोनेरी अक्षरांत 'गोवा काजू – जीआय'. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण सोनेरी अक्षरं छापायला कोणाची परवानगी लागते? मी पाकीट उलटून मागची बाजू वाचली नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख रोज वाचणारी बाई मी, आणि ९,१०० रुपयांच्या मालाची पाठ पाहिली नाही. पैसे फोनवरून दिले. फोनच्या स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुण्या माणसाचं नाव आलं, तेही नजरेआड केलं. पावती म्हणून वहीतल्या कागदावर नुसती बेरीज मिळाली.

पुण्याला आल्यावर पहिलं पाकीट फोडलं आणि वासानेच कळलं. खवट. खिडकीपाशी आठ-दहा मोठे काजू आणि त्यामागे बारीक, पिवळट माल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर पाकिटासकट ४३८ ग्रॅम. मग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून पाव किलो वेगळे काढले आणि मोजले: १५८ अख्खे आणि ३६ पाकळ्या. नवरा म्हणाला, "अगं, मोजतेस काय, टाकून दे." पण मला आकडा हवा होता. समोर मोजलेले काजू त्या पडद्यामागेच राहिले होते, आम्हाला मिळाली ती आधीपासून भरून ठेवलेली पाकिटं.

पाठ आता वाचली. पॅक करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. असा बंद माल विकायचा तर हे सगळं, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक पाकिटावर असावा लागतो. आमच्या पाकिटावर फक्त माडाचं चित्र होतं. काजू गोव्याचे तरी होते का, देव जाणे. आपल्याकडचे कारखाने आफ्रिकेतूनही कच्च्या बिया आणतात, त्यात बेकायदा काही नाही, पण मग तसं सांगून विका.

भिशीतल्या एकीने तिथूनच फरशा घेतल्या होत्या. निळ्या-पांढऱ्या, पोर्तुगीज धाटणीच्या, 'अझुलेजो' म्हणतात त्या. "हाताने रंगवलेल्या" म्हणून एकेक ६०० रुपयांना, अशा सहा. घरी तिने त्या शेजारी-शेजारी मांडल्या तर सहाही फरशांवर होडीच्या शिडाखाली निळ्या रंगाचा ओघळ, त्याच जागी, तेवढाच लांब. फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलं तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे छापील ठिपके. छापील फरशी दिसायला वाईट नसते, पण तिला ६०० रुपये कोण देईल? हाताचं काम हवं असेल तर एकाच चित्राच्या दोन फरशा मागा आणि फरक शोधा. पणजीत सरकारी हस्तकलेचं 'अपरांत' आहे, तिथे निदान पक्की पावती मिळते.

दुसरीने बिनलेबलची 'घरची फेणी' घेतली होती, पाण्याच्या बाटलीत. ती बोटीवर चढतानाच तपासणीत काढून घेतली. त्याचं मला दुःख नाही. फेणीला २००९ पासून मानांकन आहे, लेबल लावलेली चांगली फेणी सरळ दुकानात मिळते. पाण्याच्या बाटलीत काय भरलंय कोणी सांगावं?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि दुकानाचं नाव विचारलं. मला आठवेना. पाटीवर 'होलसेल' एवढंच मोठं होतं. बिल? वहीचा कागद. पैसे गेले त्या खात्याचं नाव आणि पाकिटांचे फोटो जोडून तक्रार नोंदवली आहे. लिफाफ्यात ज्यांनी पैसे घातले होते त्यांना मी माझे पैसे परत दिले. दोघींनी घेतले, बाकीच्या "जाऊ दे गं" म्हणाल्या. दोघींनी घेतले ते मला जास्त बरं वाटलं.

परत बंदरावर उतरायचा योग आला तर मी समोर मोजलेला माल समोरच साध्या पिशवीत भरून घेईन. मशीन, पडदा, चांदीचा कागद काही नको. दोन दिवसांत काजू सादळत नाहीत, हे तर मला लहानपणापासून माहीत होतं. खारवलेले, मसाल्याचेही घेणार नाही, कारण मिठा-तिखटाखाली खवटपणा जिभेला लागत नाही. आणि बोटीची वेळ कोणालाही सांगणार नाही, विचारली तर "आम्ही इथेच राहतो" म्हणेन. आम्हाला परत यायला वेळ नाही, एवढं एकच त्याला माहीत असणं पुरेसं होतं.

महिन्याभराने भावाला फोंड्याहून वास्कोला काम निघालं. टॅक्सीचा रस्ता आठवून आठवून मी त्याला गल्ली सांगितली. त्याला सापडली. शटर खाली, पाटीही नाही. शेजारच्या पानवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणाला, हे रोज उघडत नाहीत, बोट लागते त्या दिवशी येतात. भावाने मला तिथूनच फोन केला, म्हणाला, "पुढची बोट कधी आहे ते तू बघून सांग." मी सांगितलंय.