तुंबडी आईच्या पायाला लावली, भरली त्याची: १,१२,००० रुपये गेले

आकडा आधीच सांगते, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्यावं. १,१२,००० रुपये. आईच्या पायातलं ‘विष’ तुंबडीने (कातडीवर टेकवून तोंडाने हवा ओढायच्या वाटीने) काढतो म्हणणाऱ्या भोंदू वैद्याला दिलेले. त्यातले ७०,००० यूपीआयने, तीन वेळा करून (२५, २५ आणि २० हजार), दोन वेगवेगळ्या नावांवर. ४२,००० रोख, कपाटातून काढून, माझ्या हाताने मोजून दिलेले.

ही टोळी कशी चालते ते बहुतेकांना ठाऊक आहे. औषधांच्या दुकानाच्या रांगेत भेटणारी सालस बाई, ‘आमच्या सासूबाईंचं अगदी असंच होतं हो’, हातात कोंबलेला नंबर, घरी येणारे वैद्यजी, तुंबडी, पू, भस्म. मलाही ठाऊक होतं. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या माणसांना असं लुबाडतात, हा मेसेज मी स्वतः पुढे पाठवलेला आहे. पण गुडघेदुखी वेगळी आणि रॉड घातलेला पाय वेगळा, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्यांच्या लेखी फरक नव्हता.

आईचं नडगीचं हाड मोडलं, आत रॉड बसवला, वर-खाली स्क्रू. दहावा आठवडा. या दहाव्या आठवड्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माणूस फसतो तो इथेच. पहिले सहा आठवडे सगळे सावध असतात. टाके, ड्रेसिंग, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी, सगळं वेळेवर होतं. मग एक्स-रे ‘छान’ येतो, मोडलेल्या जागी ढगासारखं नवीन हाड दिसतं, डॉक्टर तीन मिनिटांत ‘वजन टाकायला लागा, सहा आठवड्यांनी या’ म्हणतात, आणि तुम्ही दारात येता तेव्हा पाय पूर्वीइतकाच दुखत असतो. एक्स-रे छान आणि पाय वाईट. या दोहोंमधली फट कोणी बुजवत नाही. ती बुजवायला तो वैद्य येतो.

त्याने आईचा पाय खुर्चीवरून लोंबता ठेवून घेतला आणि एकेक गोष्ट दाखवायला सुरुवात केली. पाय जांभळा पडला. ‘हे दूषित रक्त.’ घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला, खड्डा पडला. ‘इथे पाणी आणि पू.’ नडगीवर बोट फिरवून टणक उंचवटा दाखवला. ‘ही गाठ.’ गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टाचणी टोचली, आईला कळलं नाही. ‘नस मेली.’ शेवटी गुडघ्याच्या वाटीच्या खाली दाबलं, आई कळवळली. ‘विष इथून वर चढतंय.’

पाचही गोष्टी खऱ्या होत्या. म्हणून तर विश्वास बसला! आणि पाचही या टप्प्यावर अगदी नेहमीच्या असतात, हे मला नंतर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून ऐकावं लागलं, तेही ओरडा खाऊन. लोंबता पाय जांभळा होतो कारण रक्त वर ढकलणारी पोटरी दोन महिन्यांत वाळलेली असते. पाय वर घेतला की रंग परततो. सूज दिवसभर खाली सरकून घोट्याशी साठते, म्हणून संध्याकाळी खड्डा पडतो आणि सकाळी पाय बारीक दिसतो. नडगीवर मांस नाहीच, त्यामुळे जोडणाऱ्या हाडाचा उंचवटा बोटाला लागतो. तो लागावा म्हणूनच तर सगळा खटाटोप. गुडघ्याजवळ चीर देताना कातडीची बारीक नस कापली जाते, तेवढा पट्टा बधिर होतो, कधी परततो, कधी नाही, चालण्याशी त्याचा संबंध नसतो. आणि रॉड वाटीखालूनच आत घातलेला असतो, मग तिथे दुखणार नाही तर काय! हे पाच मुद्दे हॉस्पिटलने एका कागदावर छापून दिले असते तर माझे एक लाख बारा हजार वाचले असते.

काळजीचं काय ते वेगळं आहे, तेही इथेच लिहून टाकते. सकाळीसुद्धा न उतरणारी सूज, पोटरी गरम आणि ताठर, अचानक धाप लागणं: थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. जखमेतून पाणी, ताप, लाली, किंवा काल वजन सहन होत होतं आणि आज एकदम होत नाही: त्याच दिवशी डॉक्टर. यातलं एकही लक्षण आईला नव्हतं.

आता ते तुंबड्यांचं. दर ३,५०० रुपये एका तुंबडीला. किती लागतील? ‘जेवढं विष असेल तेवढ्या, आधी कसं सांगणार?’ हे वाक्य कोणत्याही धंद्यात ऐकू आलं की उठा. दर सांगतो पण नग सांगत नाही, तो माणूस लुटायलाच बसलेला असतो. भस्माचंही तेच. ‘२४० रुपये’ असं ऐकलं, मी पुडीचा भाव समजले. तो ग्रॅमचा होता. ११० ग्रॅम मोजून झाल्यावर कळलं.

आणि ज्या क्षणी मला कळायला हवं होतं, तो क्षण. रात्री झोपताना अजून समोर येतो. आईला अ‍ॅस्पिरिन चालू आहे. रक्त तपासायला सुई टोचली तरी कापूस पाच मिनिटं दाबून धरावा लागतो, हे मला माहीत, कारण तो मीच दाबून धरते. या माणसाने त्याच बाईच्या पायाला ब्लेडने आठ ठिकाणी चरे दिले, तोंडाने नळी ओढली, तुंबडी उचलली, आणि आत पिवळा घट्ट गोळा. रक्ताचा एक ठिपका नाही! दुसरी, तिसरी, दहावी, प्रत्येकीत तोच पिवळा गोळा, तोच रंग, तेवढाच. प्रत्येक वेळी तुंबडी धुवायला पाठ वळवत होता, स्वतःच्या पिशवीजवळ. मी बघत होते. पू असता तर वास आला असता. पायात धातू बसवलेल्या माणसाच्या नडगीत खरोखर वाटीभर पू असता तर आई तापाने फणफणली असती आणि ते काम ऑपरेशन थिएटरचं असतं, आमच्या प्लास्टिकच्या टबाचं नव्हे. हे सगळं मला येत होतं. तरी मी त्याच्या पोऱ्याबरोबर कागदावर तुंबडीगणिक एक अशा रेघा मोजत बसले. सव्वीस रेघा.

९१,००० तुंबड्यांचे, २६,४०० भस्माचे, एकूण १,१७,४००. ‘आजींकडे बघून’ ५,४०० सोडले. मी आभार मानले. होय, आभार मानले.

लोक विचारतात, डॉक्टरांना एक फोन का नाही केला? कारण ती रांगेतली बाई आधीच सांगून गेली होती की डॉक्टरांना विचारू नका, त्यांचं फिजिओचं कमिशन बुडतं, ते नाहीच म्हणणार. आणि आई समोर रडत होती, ‘आता मी उठणारच नाही का गं?’ म्हणत होती. ज्यांच्या घरात असं माणूस दोन महिने पलंगावर असेल त्यांनीच मला शहाणपण शिकवावं. फोन करू नका असं सांगितलं गेलं की त्याच मिनिटाला फोन करायचा, एवढंच माझं म्हणणं.

पैसे गेलेच. पण खरं नुकसान पुढे झालं, आणि ते कुठल्या तक्रारीत बसत नाही. जाताना तो सांगून गेला: २१ दिवस पाय जमिनीला लावायचा नाही, गुडघ्याखाली जाड उशी ठेवायची. आम्ही पाळलं. फिजिओताईंना सुट्टी दिली. गुडघा ११५ अंशांपर्यंत वाकत होता, तो तीन आठवड्यांत ९० वर आला आणि सरळही होईना. उशी नेहमी पोटरी आणि टाचेखाली हवी, घोटा छातीपेक्षा वर. नुसती गुडघ्याखाली ठेवली की गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत आखडतो. आणि रॉड असलेल्या नडगीला डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर वजन द्यायचंच असतं. हाडावर भार आला की जोड पक्का होतो. हलवलंच नाही तर हाड आणि स्नायू दोन्ही मागे पडतात. भार मोजायचा कसा, तर घरातला वजनकाटा. दुखरा पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या पाटावर, हात वॉकरवर, आणि काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापर्यंत, समजा २० किलो, येईस्तोवर दाबायचं. चार-पाच वेळा केलं की पायाला अंदाज येतो.

त्या ११० ग्रॅम भस्माऐवजी काय हवं होतं ते बघा. टाच पलंगावर सरकवत गुडघा वाकवायचा, १० वेळा, दिवसातून तीनदा. पायात प्लास्टिकची पिशवी घातली की चादरीवर सहज सरकतं. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल पाच सेकंद खाली दाबून मांडी आवळायची आणि लगेच टॉवेल काढून ठेवायचा. घोटा वर-खाली, जागेपणी दर तासाला वीस वेळा. याला पैसे पडत नाहीत, म्हणून ते रांगेत कोणी येऊन सांगत नाही. वॉकर आम्ही १,४०० ला घेतला होता. हात सरळ सोडले की त्याची मूठ मनगटाच्या रेघेशी यावी. आमचा दुकानदाराने दोन खाचा उंच लावून दिला होता, आईचे खांदे भरून येत ते त्यामुळे. खालची रबरं महिन्या-दोन महिन्यांनी तपासा, झिजली की ओल्या फरशीवर घसरतात. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या हातात, दुखऱ्या बाजूला नव्हे. घरी येणाऱ्या फिजिओताई एका वेळचे ६०० घेतात. गेलेल्या पैशांत त्यांच्या १८६ भेटी झाल्या असत्या. हा भागाकार मी रोज करते.

फिजिओ म्हणून येणाऱ्यालाही नोंदणी क्रमांक विचारा. राज्यात त्यांची वेगळी परिषद आहे, डॉक्टरांची वेगळी, वैद्यांची वेगळी. क्रमांक सांगायला खरा माणूस लाजत नाही.

आता पोलीस. पहिल्या दिवशी ‘साहेब बंदोबस्तात आहेत’. दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही राजीखुशीने दिले ना?’ तिसऱ्या दिवशी ऐकून घेतलं आणि म्हणाले, यूपीआय आहे, सायबरला जा. सायबरच्या टेबलवर म्हणाले, माणूस घरी आला होता, मग सायबर कसं? ठाण्यात जा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ज्या दोन नावांवर पैसे गेले ती नावं तरी गोठवा म्हटलं तर ‘पोलिसांचं पत्र आणा’. पोलीस म्हणाले, बँकेचं स्टेटमेंट आणा. बोगस डॉक्टर पकडायचं काम पालिकेच्या आरोग्य खात्याकडे आहे असं कळलं, तिथे गेले. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, ‘त्याच्या दवाखान्याचा पत्ता द्या, धाड टाकतो.’ अहो, पत्ता असता तर मीच गेले नसते का! परत ठाण्यात आले तर विचारतात, भस्म कुठाय, मुद्देमाल लागेल. ते रागाच्या भरात मी बेसिनमध्ये ओतलं होतं. तेव्हा पुडी टाकू नका, तुंबडीचा कापूस टाकू नका, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी काढून घ्या. आमच्याकडे पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मी त्यानंतर मागायला गेले.

शेवटी एक साधा अर्ज घेतला, वर शिक्का मारला आणि ‘एनसी करून ठेवतो’ म्हणाले. हे ऐकून घेऊ नका. फसवून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे, जुनं चारशेवीस तेच. एनसी अदखलपात्राची असते. नोंदणी नसताना औषधोपचार करणं हा महाराष्ट्राच्या १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली कलम ३३ चा वेगळा गुन्हा. अर्जात दोन्ही कलमं लिहा, समोरचा जरा सरळ बसतो. ठाण्याने नोंदवलंच नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार लेखी, टपालाने वरिष्ठांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. आणि यूपीआयने गेले असतील तर कोण काय म्हणतं ते न ऐकता पहिल्या तासात १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा. मी तर फसल्याचं कळल्यावरही लाजेपायी चार दिवस कोणाला बोलले नाही. तोवर त्या खात्यांत काय उरणार होतं?

आईच्या पायावर चरे अजून दिसतात. जखमेतून जंतू आत रॉडपर्यंत गेले नाहीत हे बघायला रक्ततपासण्या कराव्या लागल्या, त्याचे १,८५० वेगळे. गुडघा आता १०५ वर आलाय, ताई पाच-पाच अंश भांडून मिळवतात.

सव्वीस रेघांचा तो कागद मात्र माझ्याकडे आहे. पोऱ्या विसरून गेला, मागे त्याच्याच अक्षरात ३,५०० चा गुणाकार आहे. सोमवारी रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला, त्याला कागदाची झेरॉक्स जोडली. ठाण्यातले मूळ कागद मागत होते. तो पोच घेतल्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाही.