तुटणारा की चिकटणारा? जिवंत उंदरात कॅथेप्सिन बघायचं तर कोणता प्रोब घ्यावा

कर्करोगाच्या गाठीतलं कॅथेप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) किती काम करतंय हे जिवंत उंदरात बघायचं ठरलं की पहिला पेच प्रोबचा, म्हणजे एन्झाइम भेटलं की उजळणाऱ्या रेणूचा. मुख्य जाती दोन. दोन्हींत पेप्टाइड असतं, चमकणारा रंग असतो आणि ती चमक दाबून ठेवायची सोय असते. खरा फरक एन्झाइम भेटल्यावर कळतो.

पहिला, सब्स्ट्रेट प्रोब, एन्झाइमने कापला की तुटतो. रंग सुटून उजळतो आणि एन्झाइम पुढचा रेणू कापायला मोकळं होतं. एक एन्झाइम कितीतरी रेणू उजळवतं, हे याचं बळ. 1999 मध्ये राल्फ वाइसलेडर यांच्या गटाने उंदरांतल्या गाठी अशाच उजळवल्या. पण सुटलेला रंग पसरतो, आणि नेमकं कोणत्या एन्झाइमने कापलं ते कळत नाही.

दुसरा प्रोब एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या (जिथे कापाकापी होते तिथल्या) सिस्टीन या अमिनो आम्लाला कायमचा चिकटतो आणि तेव्हाच क्वेंचर, म्हणजे चमक दाबणारा भाग, गळतो. स्टॅनफर्डच्या मॅथ्यू बोग्यो यांच्या गटाचा जीबी137 हा असा. इथे एका एन्झाइमला एकच रेणू. म्हणजे चमक कमी? मलाही तसंच वाटायचं. पण 2009 च्या थेट तुलनेत हे छोटे प्रोब गाठीत लवकर शिरले आणि जास्त चमकले. (तुलना बोग्यो यांच्याच गटाची होती, हे ध्यानात ठेवा.) शिवाय नंतर गाठ वाटून तिची प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवली की चमकणारे बँड दिसतात आणि कोणतं कॅथेप्सिन पकडलं ते कळतं. माझ्या दृष्टीने ही सोय लाखमोलाची.

म्हणून औषधाने एन्झाइम खरंच बंद पडलं का, हे तपासायचं असेल तर चिकटणाराच घ्या. मात्र तो ज्याला पकडतो त्याला निकामीही करतो, आणि चमक टिकून राहते. त्याच उंदराची रोज प्रतिमा घ्यायची तर अडचण. शस्त्रक्रियेत उरलेली गाठ शोधायची असेल तर तुटणारा बरा. स्तनाच्या कर्करोगासाठी एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला पेगुलिसियानिन याच जातीचा.

कोणताही घ्या, आधी उंदरांचं खाद्य बघा. त्यात लसूणघास असेल तर हरितद्रव्यामुळे आतडी लाल प्रकाशात चमकतात आणि पोटाजवळची गाठ त्यात हरवते. आठवडाभर आधी खाद्य बदला. आणि उंदरांच्या एका गटाला प्रोबआधी इनहिबिटर (कॅथेप्सिन बंद पाडणारं औषध) द्या. त्या उंदरांतही गाठ तितकीच उजळली, तर दिसतेय ती चमक कॅथेप्सिनची नाही.