जुनं पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर: चौदा महिने आणि सहाएक हजार गोळ्यांनंतर

मी ओहायोत राहतो, त्यामुळे खालचं सगळं इथल्या कायद्याच्या चौकटीतलं आहे. एच-वन-बी व्हिसावर होतो तेव्हा शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक विकत घेताच येत नव्हती. ग्रीन कार्ड आल्यावर दुकानात बसून 4473 नंबरचा फॉर्म भरला, तपासणी झाली आणि पहिलं रिव्हॉल्व्हर घरी आलं. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न: "मग निवडणुकीत जमा कुठे करतोस?" काकांची बारा बोअर दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जाऊन बसते. बंदुकीची तिची ओळख तेवढीच.

हा अनुभव मात्र त्या पहिल्याचा नाही. पहिलं मी संग्रहासाठी घेतलं होतं आणि तिथेच फसलो. स्मिथ अँड वेसन कंपनीचं के-22 मास्टरपीस, पॉइंट टू-टूचं (म्हणजे 0.22 इंची बारीक गोळीचं), पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं, मूळ डब्यासकट. जुन्या स्मिथ अँड वेसनवाल्यांच्या गप्पा "किती स्क्रूचं?" इथून सुरू होतात. आधी पाच स्क्रू असायचे, 1955 च्या सुमारास बाजूच्या पत्र्याचा वरचा गेला, मग 1961 च्या आसपास ट्रिगर गार्डच्या पुढचाही गेला. माझं पाच स्क्रूचं, म्हणजे मान मोठा. पण सिलिंडर फिरला की त्यावर एक बारीक रेघ उमटते आणि संग्राहकाच्या लेखी ती रेघ म्हणजे पैसे कमी. तीन महिने मी ते सुती हातमोजे घालून पाहुण्यांना दाखवलं. बायको म्हणाली, "अहो, पैठणीसुद्धा वर्षातून एकदा नेसतात." विकून टाकलं.

त्या पैशांत आलं हे मॉडेल 17-2. वस्तू तीच, नाव वेगळं. 1957 मध्ये कंपनीने नावांऐवजी नंबर द्यायला सुरुवात केली आणि के-22 चं मॉडेल 17 झालं. पुढचा '-2' हा 1961 चा बदल, '-3' आला 1967 मध्ये. सिलिंडर बाहेर काढला की आत फ्रेमवर हा नंबर ठोकलेला दिसतो. विकत घेताना तिथे बघायचं, विक्रेता काय म्हणतो ते नंतर. सहा इंची नळी, सहा गोळ्या, वजन किलोभराहून थोडं जास्त. माझ्याच्या नळीच्या तोंडाशी निळाई उडालीय, मुठीवर एक खोक आहे, डबा नाही. त्यामुळे भीतीही नाही. 50 वर्षांहून जुनं असल्याने ते 'क्युरिओ', म्हणजे जुन्या संग्राह्य हत्यारांच्या प्रकारात बसतं. संग्राहकाचा परवाना तीन वर्षांना 30 डॉलरला मिळतो आणि अशी हत्यारं दुसऱ्या राज्यातून थेट घरी मागवता येतात. आलं-गेलं वहीत लिहावं लागतं, एवढंच.

पहिले दोन महिने मात्र वैतागाचे गेले. घोडा आधी हाताने मागे ओढून चाप दाबला की सगळं ठीक. नुसता चाप ओढून, म्हणजे डबल ॲक्शनने, मारायला गेलं की दर सहात एखादी फुसकी. मी गोळ्यांना दोष देत राहिलो, चार कंपन्यांचे डबे बदलले. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या घडीत असतो, घोड्याने ती कड चेमटली की बार उडतो. घडीत मसाला कुठे कमी भरला गेला तर गोळी फुसकी निघते, हे वाचलेलं होतं. म्हणून खात्रीच होती.

एके शनिवारी रेंजवरच्या एका ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी माझी एक फुसकी गोळी उचलून नखाने कड चाचपली आणि म्हणाले, खूण अगदी उथळ आहे. मग रिव्हॉल्व्हर रिकामं करून घेतलं आणि मुठीच्या पुढच्या कडेला, अगदी खाली असलेला एक स्क्रू दाखवला. तो आतल्या पट्टीच्या स्प्रिंगला ताण देतो. आधीच्या मालकाने चाप हलका करायला तो दीड आटा सैल करून ठेवला होता. आजोबांनी खिशातल्या स्क्रू-ड्रायव्हरने तो पूर्ण आवळला. चाप जड झाला. त्यानंतर हजार गोळ्यांत फुसक्या निघाल्या तीन की चार. जुनं घेणाऱ्याने सर्वात आधी हा स्क्रू बघावा. माझे दोन महिने आणि चार डबे गेले.

(फुसकी निघाली तर लगेच सिलिंडर उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, कधीकधी बार उशिरा उडतो. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मारण्याआधी सिलिंडर रिकामा करून नळीतून आरपार दिसतंय ना ते बघा.)

आता नेमाबद्दल. घोडा ओढून, टेकू देऊन 25 यार्डांवर सहा गोळ्या लिंबाएवढ्या जागेत जातात. त्यात माझं कौतुक नाही, हे यंत्र त्यासाठीच बनलंय. बुल्सआय नावाच्या पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धेत 50 यार्डांवर दहा गोळ्या दहा मिनिटांत, मग 25 यार्डांवर पाच गोळ्या 20 सेकंदांत आणि पाच 10 सेकंदांत मारायच्या असतात. तो खेळ इरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरीला दरवर्षी होतो. राष्ट्रीय सामने तिथे 1907 पासून भरतात. आज बहुतेक जण तिथे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेऊन येतात. कोल्हापूरच्या भाच्याने विचारलं, राही सरनोबतसारखं का? 2018 च्या आशियाई स्पर्धांत पालेमबांगला तिला 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळालं तेव्हापासून त्यांच्या घरात नेमबाजी म्हणजे राही. गोळी तीच रे, म्हटलं, पण यंत्र वेगळं.

डबल ॲक्शनचं काय सांगू. पहिल्या महिन्यात 15 यार्डांवर माझ्या गोळ्या परातभर पसरायच्या, आता बशीत बसतात. सिलिंडर फिरतोय, घोडा मागे जातोय, आणि या सगळ्या प्रवासात पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हलता कामा नये. सुटण्याच्या क्षणी आपण नकळत हात खाली दाबतो. धक्का जवळजवळ नसल्यामुळे ही चूक लपत नाही. गोळीशिवायचा सराव घरीच होतो, पण रिकाम्या चेंबरवर (सिलिंडरमधल्या गोळीच्या घरावर) घोडा पाडायचा नाही, चेंबरची कड दुखावते. भिंतीत स्क्रू बसवायला मिळणारे पिवळे प्लास्टिकचे गट्टू पॉइंट टू-टूच्या चेंबरमध्ये छान बसतात. शंभराचं पाकीट आणलंय. खऱ्या गोळ्या तेव्हा दुसऱ्या खोलीत, कुलपात.

गोळीमागे खर्च 8 ते 10 सेंट, पॉइंट थ्री-एटला त्याच्या चार-पाच पट. खर्चात परवडतं, पण साफसफाईत वसूल होतं. शिशाची मेण लावलेली गोळी चेंबरमध्ये चिकट काळा थर सोडते. ऐंशी-शंभर गोळ्यांनंतर नवं काडतूस शेवटचा धागाभर आत जात नाही, अंगठ्याने ढकलावं लागतं, आणि रिकाम्या पुंगळ्या काढताना त्यांना बाहेर ढकलणारा दांडा तळहाताने ठोकावा लागतो. पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हरचा हा स्वभावच आहे. मी पितळी ब्रश रेंजवरच नेतो, दर शंभराला सहाही चेंबरमधून दोनदा फिरवतो.

दुसरं, पुंगळ्या काढताना नळी आकाशाकडे हवी. आडवं धरून दांडा दाबला की न जळलेल्या दारूचे दाणे पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकतीखाली जाऊन बसतात. एकदा असाच सिलिंडर अडकला. मला वाटलं काहीतरी वाकलं. ती चांदणी वर उचलून जुन्या दातांच्या ब्रशने झाडलं, तर मोहरीपेक्षा बारीक तीन हिरवट कण पडले आणि सिलिंडर गरगर फिरायला लागला.

शिसं खरंच जपा. रेंजवर काही खायचं नाही, घरी आल्याआल्या साबणाने हात, कपडे वेगळे धुवायचे. घरात लहान मूल आहे, त्यामुळे यात सूट नाही. चामड्याच्या म्यानात ठेवूनही देऊ नका, ओल धरते. मी तेलाच्या फडक्याने पुसून तिजोरीत ठेवतो.

आणि रेंजची बॅग कधीही प्रवासाला वापरू नका. कप्प्यात विसरलेली एक जिवंत गोळी भारतातल्या विमानतळावर सापडली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. "सामानात चुकून राहिली" हे तिथे सांगत बसावं लागेल.

तक्रार एकच उरलीय. मूळची अक्रोडाची मूठ माझ्या हाताला बारीक पडते, ट्रिगर गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर घासतो. शंभर गोळ्यांनंतर पेर लाल. रबरी मूठ 25 डॉलरला बसवली, दिसायला भयंकर आहे. जुनी मोज्यात गुंडाळून तिजोरीत ठेवलीय, खोकेसकट.