वायरवाला मीट थर्मामीटर: यंत्र खरं, बटणं खोटी

डिसेंबरात 18 पौंडांना घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही; हुबेहूब असेच दहा-बारा वेगवेगळ्या नावांनी विकायला आहेत. सळई मांसाच्या मधोमध खुपसायची, वायर ओव्हनच्या दारातून बाहेर काढायची, डबी लोहचुंबकाने चिकटवायची. आल्या आल्या बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितला, 0.4. उकळत्या पाण्यात 99.6. मोजायला चोख.

गोची बटणांत आहे. नाताळला 2 किलोचा टॉपसाइड (बीफचा मागच्या मांडीचा तुकडा) ओव्हनमध्ये घातला आणि 'बीफ, मीडियम' दाबलं, तर शिटी थेट 71 अंशांवर. मी भाबडी, तोवर थांबले. बाहेर काढल्यावरही मांस आतल्या उष्णतेवर शिजतच राहतं, आकडा 75 वर गेला. कापलं तर राखाडी, नुसता चोथा. टॉपसाइडमध्ये चरबी नावालाच असते, खाटीक वरून दोऱ्याने पट्टा बांधून देतो तेवढीच. पाहुण्यांनी ग्रेव्ही ओतून ओतून संपवलं.

परवा ईस्टरला बटणांच्या नादी लागले नाही, हाताने 52 लावला. आदल्या रात्री मीठ, ठेचलेला लसूण, चमचाभर सिरका आणि आईने वसईहून आणलेला बॉटल मसाला तीन चमचे चोळून तुकडा न झाकता फ्रिजमध्ये ठेवला. इंग्लंडात आधी 220 वर रंग आणायची पद्धत आहे, पण आमच्या मसाल्यात भाजलेले गहू आणि चण्याची डाळ असते. तो एवढ्या आचेला करपून कडू होतो, हे नाताळला कळलंच होतं. म्हणून पहिल्यापासून 140. पावणेदोन तासांनी शिटी वाजली. म्हणजे वाजली असावी, कारण स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असलं तर ती डासाच्या गुणगुणीएवढीच ऐकू येते. नवऱ्याचं लक्ष गेलं तेव्हा 53 झाले होते. फॉइलखाली 25 मिनिटं ठेवल्यावर 57 ला थांबलं. सुरी लावली तर आत एकसारखं गुलाबी, कडेला मसाल्याची तांबूस खरपूस पट्टी, फळीवर रस जेमतेम चमचाभर.

आईला मात्र पटेना. आमच्या घरी असा तुकडा पातेल्यात सिरका घालून उकडायचा आणि मग तळून काप करायचे. तोही म्हशीचा, 2015 पासून महाराष्ट्रात बैलही बंद. गुलाबी काप बघून म्हणाली, "बाय, हे अजून जितं आहे गो!" तिला दोन्ही टोकं कापून दिली, ती जास्त शिजलेली असतात. पावाबरोबर दोनदा घेतली.

पाचपैकी साडेतीन. शिटीचा अर्धा कापला, बटणांचा अर्धा, आणि दाराच्या फटीत दबून वायरची जाळी उसवू लागलीय म्हणून अर्धा. धुताना सळई ओल्या फडक्याने पुसा, वायरचा सांधा नळाखाली धरू नका.